कोवळे मन आणि कटू सत्य

लहान मुलास मनुष्याच्या घोर क्रौर्याची हकिकत सांगावी काय? अमेरिकेतील न्यू जर्सी प्रांताच्या शिक्षकांपुढे हा प्रश्न कायद्यानेच ठेवला आहे. यहूदी लोकांचा संहार व इतर वंशसंहार यांचे शिक्षण प्राथमिक व माध्यमिक अशा दोन्ही शाळांत द्यावे, असे तेथे १९९४ साली ठरले. त्या शाळांत मराठी कुटुंबांचीही मुले शिकतात. तेव्हा हा प्रश्न आपणांस अगदीच परका नव्हे.

नाझी सत्तेने सुमारे ६० लाख यहूदी लोक मारिले. त्यांत सुमारे १५ लाख मुले होती. हे सर्व चित्रांसह बालकांपुढे मांडले, तर त्यांचे मन भ्यावयाचे, नाहीतर निबर व्हावयाचे. वॉशिंग्टन येथील संहार-स्मारक संग्रहालयाचाही सल्ला असा की, हा इतिहास सहाव्या इयत्तेपासून पुढे शिकवावा. आणि मुलांस कैदी व पहारेकरी बनवून त्याचा खेळ तर कधीच करू नये.

मग खालच्या वर्गाच्या शिक्षकाने काय करावे? पुष्कळजण वाचविणाऱ्यांच्या गोष्टी सांगतात. फ्रान्सातील ल शाँबों गावचे पाळक आंद्रे त्रोक्मे व त्यांची मंडळी यांनी छळलेल्यांस आसरा दिला, ही गोष्ट खरी आहे व सांगण्याजोगी आहे. परंतु तेवढीच सांगितली, तर जग दयाळूच होते असे मुलास वाटेल. आणि ते असत्य होय. सत्य बेताने सांगणे निराळे, व असत्य सांगणे निराळे. "बाकीचे लोक काय करीत होते?" असे मुलाने विचारिले, तर "बहुतेक पाहत राहिले," असेच उत्तर दिले पाहिजे. त्या पाहणाऱ्यांत बाप्तिस्मा झालेले लोक बहुत होते, हे आठवून आमची मान खाली जाते.

आमच्या मते मुलास शेवट नव्हे, आरंभ शिकवावा. नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीच्या सरकारी शाळांतून यहूदी मुलांस काढून टाकण्यात आले. काल शेजारी बसलेला सोबती आज बाकावर नाही, हे दुःख आठ वर्षांच्या मुलासही कळते. इतकेच नव्हे, तर ह्याच ठिकाणी त्याच्या हातून काही होऊ शकते. तो कोणास नावे ठेवणार नाही, व एकट्या पडलेल्याजवळ जाऊन बसेल.

प्रिय वाचकहो, आपल्या गावच्या शाळेत कोण एकटा बसतो, हे आपण आपल्या मुलांस कधी विचारिले आहे काय?