शेवटचा हात कुणाचा?

गेल्या दिवाळीआधी धाकट्या भावाला कॉम्प्युटर घेऊन दिला. तो केजमध्ये लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, आणि जुन्या लॅपटॉपवर एक फाइल रेंडर व्हायला अख्खी रात्र जायची. मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे, त्यामुळे घरातल्या चार्जरपासून सेट-टॉप बॉक्सपर्यंत सगळ्याचा ‘इंजिनिअर’ मीच. फोनवरूनच पार्ट ठरवले: सहा कोअरचा प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, १६ जीबीच्या दोन रॅम, ६५० वॉटचा एसएमपीएस. गावातल्या एका दुकानातल्या एकोणीस वर्षांच्या पोरानं तो जोडून दिला.

आठवडाभरात मशीन हँग व्हायला लागलं. स्क्रीन आहे तिथेच थांबायची, माउस मरायचा, स्पीकरमधून एकच सूर घर्रर करत राहायचा. रीसेट दाबल्याशिवाय सुटका नाही. कधी दिवसातून दोनदा, कधी दोन दिवस काहीच नाही.

मी पुण्यात बसून निदान केलं. असं अधूनमधून हँग होतं म्हणजे रॅम. आणि नवीन मशीनची रॅम खराब म्हणजे कुणीतरी डुप्लिकेट घातलीय. पोरगा भावाला म्हणाला, “दादा, रॅम ओरिजिनल हाय. दोन दिवस दुकानात चालवून मग दिलं म्या.” मी ते ऐकूनही घेतलं नाही. दुकानदाराला फोन लावला आणि शांतपणे, इंजिनिअरच्या आवाजात सांगितलं, “तुमच्या पोरानं रॅम बदललेली दिसतेय.”

‘दिसतेय’ म्हणालो होतो. दुकानदारानं ‘बदलली’ ऐकलं. रॅमचे पैसे त्याच्या पगारातून कापले आणि त्याला घरी बसवलं. त्याचे आई-वडील दसरा झाल्यावरच कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्यावर गेले होते. तोही त्यांच्या मागोमाग गेला.

नवीन रॅम आली. मशीन पुन्हा हँग झालं.

संक्रांतीला घरी आलो तेव्हा रीतसर तपासायला बसलो. रात्रभर मेमटेस्ट चालवला, एकही एरर नाही. जुनी रॅम परत लावून पुन्हा चालवला, तिच्यातही नाही. प्रोसेसरचं तापमान ठीक. मित्राचा एसएमपीएस आणून लावला, काही फरक नाही. विंडोज नव्यानं टाकलं. तिसऱ्या दिवशी अनवाणी पायानं शहाबादी फरशीवर उभा होतो, केबल काढताना कॅबिनेटला हात लागला आणि बोटांना मुंग्या आल्या. टेस्टर लावला तर दिवा लागला.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “मोटार चालू केली की ते बंद पडतंय, हे मी दिवाळीलाच सांगितलं होतं.”

खरंच सांगितलं होतं. हौदातलं पाणी वरच्या टाकीत चढवायची मोटार तीच लावते. मोटारीचं बटण दाबलं की आतून भाऊ ओरडतो, हे तिनं चार-पाच वेळा पाहिलं होतं. आम्ही दोघं भाऊ हसलो होतो. मोटारीचा आणि रॅमचा काय संबंध!

वायरमन आला. घर बांधताना मागच्या बाजूला अर्थिंगचा खड्डा केला होता, मीठ-कोळसा भरून. त्यात कधीमधी पाणी ओतायचं असतं, कारण ओल्या मातीतूनच करंट नीट जमिनीत उतरतो. आमच्याकडं प्यायच्या पाण्याची बोंब, खड्ड्याला कोण पाणी घालणार? माती भुकटी झालेली, तार गंजून तुटलेली. अर्थिंग नसलं की एसएमपीएसच्या फिल्टरमधल्या कपॅसिटरमुळे कॅबिनेटवर मेनच्या साधारण निम्मं व्होल्टेज तरंगत राहतं. त्यात मोटार सुरू होताना येणाऱ्या झटक्याला जमीन सापडत नाही, मग तो मशीनच्याच वायरींमधून वाट शोधतो. तार बदलली, खड्ड्यात सहा बादल्या पाणी ओतलं. मोटार लावली, बंद केली, वीस वेळा. मशीन चालूच राहिलं.

बिघाड सापडल्याचा आनंद अर्धा तासही टिकला नाही.

आम्ही प्रोग्रामर रोज गिट वापरतो. त्यात ‘ब्लेम’ नावाची कमांड आहे. कोडच्या प्रत्येक ओळीला शेवटचा हात कुणी लावला, ते ती सांगते. चूक कुणाची, हे ती सांगत नाही. नवीन माणूस पहिल्या महिन्यात हा फरक शिकतो, मीही शिकलो होतो. तरी मशीन बंद पडल्यावर मी तेच केलं. शेवटचा हात त्या पोराचा होता, म्हणून दोष त्याचा.

न्यायशास्त्रात यावर एक मजेशीर उदाहरण आहे. मडकं घडण्याआधी कुंभार असतो, चाक असतं, माती असते आणि ती माती वाहून आणणारं गाढवही असतं. पण गाढव हे मडक्याचं कारण नाही. नैयायिक त्याला ‘अन्यथासिद्ध’ म्हणतात: आधी हजर होतं, पण त्याच्यावाचून काही अडलं नसतं. तेच लोक पुढे सांगतात की आग असली की धूर असतोच असं नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो. धुरासाठी सरपण ओलं लागतं. या लपलेल्या अटीला ते ‘उपाधी’ म्हणतात. आमच्या घरी उलटं होतं: मोटार ही आग, आणि कोरडी माती ही उपाधी. पोरगा फक्त माती आणून देणारा होता.

आरडाओरडा जिथून होतो तिथेच बिघाड असतो असंही नाही. २०२४मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे महागडे प्रोसेसर असलेली मशिनं जगभर क्रॅश होत होती, आणि कित्येक गेममध्ये स्क्रीनवर संदेश यायचा की ग्राफिक्सची मेमरी कमी पडतेय. लोकांनी ड्रायव्हर बदलले, गेम बनवणाऱ्यांना शिव्या घातल्या. शेवटी इंटेलनंच सांगितलं की प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते. वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली.

पण गेमर्सकडे आवाज होता. प्रश्न तिथेच सुरू होतो. आपण जेव्हा ‘बिघडलेला पार्ट’ शोधतो, तेव्हा खरंच कारण शोधत असतो, की जो सगळ्यात स्वस्तात काढून टाकता येईल तो पार्ट शोधत असतो?

आमच्या जिल्ह्यात हा प्रश्न कॉम्प्युटरपुरता नाही. ‘पिशवी काढली’ हे शब्द मी लहानपणापासून ऐकत आलोय. २०१९मध्ये बातम्या आल्यावर बीडमधल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३ हजारांहून जास्त बायकांचं गर्भाशय काढलेलं होतं. फडावर संडास नाही, पाणी नाही, एक खाडा पडला तर मुकादम पैसे कापतो, उचल फिटत नाही. हे सगळं बदलणं महाग. पिशवी काढणं त्या मानानं स्वस्त. दुखणं बाईच्या पोटात होतं, म्हणून बिघाडही तिच्यातच धरला गेला. मी रॅम बदलली आणि खड्डा कोरडाच ठेवला, तेव्हा माझ्या हातून काही फार वेगळं झालं नव्हतं. आकार लहान होता, रीत तीच.

मी खोटं बोललो नव्हतो. मला जे वाटलं ते प्रामाणिकपणे सांगितलं होतं. पण प्रामाणिकपणे वाटणं पुरेसं आहे का? ऑफिसमध्ये दहा ओळींचा बदल करायचा तरी मी टेस्ट चालवतो, दुसऱ्याकडून तपासून घेतो. एका माणसाच्या पोटावर पाय येईल असं वाक्य बोलताना मात्र एकही टेस्ट चालवली नाही. त्याचं म्हणणं मोजलं नाही, कारण तो दुकानातला पोरगा. आईचं मोजलं नाही, कारण ती आई.

दुकानदाराकडे जाऊन सगळं सांगितलं. तो म्हणाला, “बरं झालं सांगितलंत,” आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. तिथे आता दुसरा पोरगा आहे.

नंबर मिळवून त्याला फोन केला. मागे ट्रॅक्टरचा आवाज होता. मी माफी मागितली, कापलेले पैसे पाठवतो म्हणालो. तो थोडा वेळ गप्प राहिला.

“मग कशानं होत होतं, दादा?”

अर्थिंगचं सांगितलं. खड्डा, तार, मोटार. त्यानं मध्येच विचारलं, “कॅबिनेटला करंट लागत होता का?” लागत होता म्हणालो.

“मग मला घरी बोलवायचं ना एकदा. म्या पहिलं तेच बघितलं असतं.”

एवढं बोलून त्यानं फोन ठेवला, गाडी भरायची होती म्हणून. पैसे त्याच संध्याकाळी पाठवले. पट्टा पडल्यावर तो गावाकडं येईल, तेव्हा त्याच्या घरी जायचं ठरवलंय. काय बोलायचं, ते अजून ठरलेलं नाही.