जोडणीचा विवेक

प्रवासाला निघणाऱ्या माणसानें बरोबर काय घ्यावें आणि काय घरीं ठेवावें, हा प्रश्न जितका व्यवहाराचा तितकाच नीतीचाही आहे. पायीं चालणाऱ्या वारकऱ्याला त्याचें उत्तर खांदाच देतो. ओझें फार झालें कीं खांदा दुखूं लागतो आणि गांठोडें आपोआप हलकें होतें. परंतु मोटारसायकलवरून दूरच्या मुलुखांत जाणाऱ्या आजच्या प्रवाशाच्या ओझ्याचा एक भाग असा आहे कीं, तो खांद्याला जाणवत नाहीं आणि तराजूंतही येत नाहीं. तो भाग विजेचा.

दरवर्षीं बर्फ वितळून वाट मोकळी झाली म्हणजे पुण्यामुंबईचीं कितीतरी मंडळी मनालीवरून लेहकडे निघतात. त्यांच्या गाड्या एकदां निरखून पाहाव्या. हँडलवर वाट दाखविणारा मोबाइल, त्याची बॅटरी भरत राहावी म्हणून चार्जर, धुक्यांतून दिसावें म्हणून दोन जादा दिवे, हात गारठूं नयेत म्हणून विजेनें तापणाऱ्या मुठी, हेल्मेटवर कॅमेरा, आणि एखाद्याच्या अंगांत विजेवरच ऊब देणारें जाकीट. यांतील बहुतेक वस्तूंना एकेक तार असते व ती कोठें तरी जोडावी लागते. ती कोठें जोडावी व कशी, एवढाच या लेखाचा विषय आहे. तो वायरमनचा आहे असें प्रथमदर्शनीं वाटेल. पण विचार करूं लागलें कीं तो आपणां सर्वांचा आहे असें दिसून येतें.

या बाबतींत दोन पक्ष नेहमीं ऐकूं येतात. पहिला म्हणतो, हे सारे लाड आहेत. रॉबर्ट फुल्टन नांवाचा अमेरिकन तरुण १९३२ सालीं डग्लस मोटारसायकलवर बसून लंडनहून निघाला, वाटेंत हिंदुस्थानही त्यानें पाहिला, आणि १९३३ च्या अखेरीस तो न्यूयॉर्कला पोहोंचला. टेड सायमन १९७३ मध्यें ट्रायंफवर निघाला व चार वर्षें जग फिरला. त्यांच्यापाशीं कोठें होता उपग्रहावरचा नकाशा आणि कोठें होत्या ऊबदार मुठी? दुसरा पक्ष उलट विचारतो, सोय हाताशीं असतां ती नाकारण्यांत पुण्य कसलें? गारठलेल्या बोटांनीं ब्रेक वेळेवर दाबला गेला नाहीं तर त्या वैराग्याची किंमत कोण देणार?

पहिल्या पक्षाचा दाखला तपासला तर लंगडा पडतो. त्याच फुल्टनच्या सामानांत चलच्चित्रें घेण्याचा कॅमेरा होता! त्याच्या काळीं जें मिळत होतें व ज्याची त्याला हौस होती, तें त्यानें बरोबर घेतलेंच. जी वस्तु जगांत अद्याप निर्माणच झाली नाहीं तिच्याविना राहण्याला त्याग म्हणत नाहींत. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें खरें आहे, तरी अपुरें आहे. वस्तु उपयोगी ठरली म्हणून तिची जोडणी योग्य ठरत नाहीं. वस्तु किती, ह्या वादांत दोघेही अडकले आहेत. मला खरे प्रश्न तीन दिसतात: हा भार गाडीला झेपतो काय, तो कोणाच्या वांट्यांतून घेतला जातो, आणि वस्तु बिघडली तर तिचा भुर्दंड कोणी भरावयाचा?

पहिला प्रश्न जमाखर्चाचा आहे व तो कोणत्याही गृहिणीला सहज समजेल. इंजिन फिरूं लागलें कीं त्याला जोडलेलें जनित्र वीज निर्माण करतें, ती मिळकत. बॅटरी ही गांठीची शिल्लक. समजा, एखाद्या गाडीच्या जनित्राची शक्ति ३०० वॅट आहे. ठिणगी, पेट्रोलचा पंप इत्यादि घरखर्चाला त्यांतील १०० वॅट गेले, पुढच्या दिव्याला ६० व बाकीच्या दिव्यांना १५ गेले, तर हातीं १२५ उरतात. आतां ८० वॅटचें जाकीट, ३५ वॅटच्या मुठी आणि ४० वॅटचे जादा दिवे एकदम चालू केले कीं खर्च १५५ वर जातो. वरचे ३० वॅट बॅटरी मुकाट्यानें देते. शिवाय ३०० हा आंकडा इंजिन जोरांत फिरत असतांनाचा; बंद पडलेल्या ट्रकच्या मागें रांगेंत गाडी नुसती धगधगत उभी राहिली कीं मिळकत पुष्कळच घटते आणि खर्च मात्र तसाच राहतो. आधींच थंडीनें बॅटरीचें बळ कमी झालेलें असतें. तरीही दिवे जळत असतात, मुठी तापत असतात व स्वार समाधानांत असतो. पूर्ण भरलेल्या स्वस्थ बॅटरीचा दाब सुमारें १२.६ व्होल्ट असावा; तो १२ पर्यंत उतरला कीं शिल्लक जवळजवळ संपली असें समजावें. दुसऱ्या दिवशीं पहांटे स्टार्टरचें बटण दाबल्यावर नुसती टिकटिक ऐकूं येते, तेव्हां रात्रींचा हिशेब कळतो. सुखाच्या काळांत न दिसणारी तूट ही सर्वांत वाईट तूट होय, मग ती घरांतील असो वा गाडींतील.

भार झेपत असला तरी दुसरा प्रश्न उरतोच. चार्जरची तार जोडण्यास सर्वांत जवळची व सोपी जागा म्हणजे पुढच्या दिव्याची तार. एक लहानशी चाप तिच्यावर दाबली कीं तिचें पातें वरचें आवरण कापून तांब्याला भिडतें, बहुधा दोनचार तंतूही तोडतें, आणि पांच मिनिटांत काम होतें. पण त्या क्षणापासून चार्जर व दिवा एकाच फ्यूजचे भागीदार झाले. वरंधा घाटांत रात्रीं पावसाचें पाणी चार्जरमध्यें शिरलें, तेथें तारा एकमेकींस भिडल्या व फ्यूज उडाला, तर मोबाइल भरावयाचा थांबेल इतकेंच नव्हे, ऐन वळणावर दिवाही जाईल. आपल्या देशांत एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन सुरू होतांच आपोआप लागतो, आणि भर दुपारींही जळत राहतो. स्वाराला दुपारीं दिव्याची गरज काय? तो जळतो, कारण इतरांना स्वार दिसला पाहिजे. म्हणजे त्या दिव्यांत समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाचाही हिस्सा आहे. आपल्या सोयीसाठीं त्याचा हिस्सा त्याला न विचारतां गहाण ठेवण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? जादा दिवे असे लावणें कीं समोरच्याचे डोळे दिपावे, हीही त्याच जातीची चोरी होय.

योग्य रीत जरा कष्टाची आहे. बॅटरीपासून एक स्वतंत्र तार काढावी. तिच्यावर रिले बसवावा, म्हणजे किल्ली फिरविल्यावांचून पुढें प्रवाह जाणार नाहीं व विसरलेली वस्तु रात्रभर बॅटरी शोषीत बसणार नाहीं. आणि तेथून प्रत्येक वस्तूला निराळी शाखा व निराळा फ्यूज द्यावा. मुख्य तारेचा फ्यूज बॅटरीच्या अगदीं लगत असावा, कारण बॅटरी व फ्यूज यांमधला तारेचा तुकडा अनाथ असतो.

हा फ्यूज वस्तूला जपण्यासाठीं असतो असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः तो तारेला जपतो. शक्तीबाहेर प्रवाह वाहूं लागला कीं तार तापते, तिचें आवरण वितळतें, आणि हें सारें पेट्रोलच्या टाकीखालीं घडत असतें. म्हणून त्या वाटेवर एक जागा जाणूनबुजून दुबळी ठेवलेली असते. संकट आलेंच तर कोठें तुटावयाचें, हें शांतपणीं आधींच ठरवून ठेवण्याची ही युक्ति आहे. आतां हा फ्यूज वारंवार उडूं लागला तर कांहीं लोक ५ अँपियरच्या जागीं ३० चा बसवितात, किंवा सरळ चांदीचा कागद गुंडाळून देतात. तक्रार बंद होते. तक्रारीचें कारण तसेंच राहतें. तुटण्याची जागा आतां आपण न ठरवितां दैव ठरवितें. ज्या घरांत “हें मला झेपत नाहीं” असें म्हणणाऱ्या एकुलत्या एका माणसाला गप्प बसविलें जातें, तेथेंही काहीं काळ अशीच शांतता नांदते.

यावर कोणी म्हणेल कीं आतां यंत्रेंच शहाणीं झालीं आहेत. बी. एम. डब्ल्यू. ची २००४ सालीं निघालेली आर १२०० जीएस ही गाडी घ्या. तींत जुन्या पद्धतीच्या फ्यूजांऐवजीं संगणकच प्रवाहावर लक्ष ठेवतो व जादा भार दिसतांच ती शाखा बंद करतो. गोष्ट कौतुकाची आहे. पण ही देखरेख कारखान्यानें बसविलेल्या तारांपुरतीच चालते. स्वारानें स्वतः थेट बॅटरीवरून ओढलेल्या तारेची त्या संगणकाला खबरही नसते. बाहेरून बसविलेल्या सदसद्विवेकाची मर्यादा ती हीच.

शेवटीं सर्वांत पुढें केला जाणारा आक्षेप: “गाडी माझी, जीव माझा; सीटखालचा जोड कसा आहे याच्याशीं इतरांना काय करावयाचें?” हँडल वळेल तशी तेथली तार वांकते, तिला पुरेशी ढिलाई ठेवली नाहीं तर आवरण शाबूत राहून आंतले तंतू एकेक करून तुटतात. सोल्डर केलेला जोड ताठर होतो, व हादऱ्यांनीं त्याच्या कडेशीं तार मोडते. म्हणून जाणते कारागीर योग्य पकडीनें दाबून बसविलेला जोड पसंत करतात. यांतलें कांहींच कोणाला दिसत नाहीं. परंतु गाडी उद्यां दुसऱ्याच्या हातीं जाते. मेकॅनिक तिच्यांत हात घालतो. मागच्या सीटवर कोणीतरी विश्वासानें बसतें. रॉबर्ट पर्सिग यांनीं १९६८ सालीं मिनेसोटाहून कॅलिफोर्नियापर्यंत मोटारसायकलवर प्रवास केला, आणि त्यावर आधारलेला ‘झेन अँड दि आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’ हा त्यांचा ग्रंथ १९७४ मध्यें निघाला. यंत्राची निगा व मनाची निगा यांचा संबंध त्यांत त्यांनीं तपासला आहे. त्या प्रवासांत त्यांच्या मागें त्यांचा लहान मुलगा बसला होता, ही साधी गोष्ट मला त्यांतील तत्त्वचर्चेइतकीच बोलकी वाटते. “जीव माझा” असें म्हणणाऱ्यानें एकदां मागें वळून पाहावें.

तेव्हां आयुष्यांत नव्या वस्तु, नव्या सोयी, नवीं नातीं जोडूं नयेत असें माझें म्हणणें नाहीं. जोडावें, पण असें जोडावें कीं जोडलेली वस्तु बिघडली तर ती एकटी बिघडावी, तिनें दुसऱ्या कोणाचा दिवा विझवूं नये. ही कसोटी ज्यानें पाळली त्यानें आपल्या मिळकतींत बसतील तितक्या वस्तु खुशाल घ्याव्या. ज्यानें ती पाळली नाहीं, त्याच्या गाडीवर एक लहानसा चार्जरही जास्तच आहे.