मोकळा रस्ता

रविवारी सकाळी साडेसहाच्या सुमारास हुतात्मा चौकात जावं. ऑफिसं बंद असतात, बसगाड्या तुरळक असतात, आणि शहर थोडा वेळ आपल्याला स्वतःकडे निवांत पाहू देतं. अशा वेळी मी तिथे एक जुना फोटो घेऊन जातो. मूळ प्रत नव्हे, पुस्तकावरून करून घेतलेली नक्कल: 1870च्या आसपासचं फ्लोरा फाउंटन. फोटोतलं कारंजं आणि समोरचं कारंजं एका रेषेत येईपर्यंत मागेपुढे सरकत राहायचं. वरची देवी जुळते, शिंपल्यांच्या कडा जुळतात. मग नजर कारंज्याभोवती फिरते आणि मनात येतं, केवढा मोकळा रस्ता होता हा!

हा उद्गार मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. जुना आणि नवा फोटो शेजारी ठेवला की पहिली हळहळ इमारतींसाठी निघत नाही, या मोकळेपणासाठी निघते. माझीही तशीच निघायची. आता मात्र जुन्या फोटोची ही साक्ष मी बिनतक्रार मान्य करत नाही.

त्या काळी काचेवर रसायनाचा लेप देऊन, तो ओला असतानाच फोटो घ्यावा लागे. उजेड पुरेसा आत येईपर्यंत भिंग उघडं ठेवायचं. तेवढ्या वेळात जे स्थिर राहिलं ते उमटलं, जे हललं ते पुसलं गेलं. दगड उमटले, माणसं गेली. याचं सगळ्यात जुनं उदाहरण पॅरिसचं आहे. 1838 साली लुई दागेरने आपल्या खिडकीतून बुलेव्हार द्यु ताँप्ल या वर्दळीच्या रस्त्याचं चित्र धातूच्या ताटलीवर घेतलं. त्याला काही मिनिटं लागली. गाड्या, घोडे, फिरायला निघालेली माणसं, सगळी नाहीशी झाली. कोपऱ्यात एकच माणूस स्पष्ट राहिला, कारण तो बुटाला पॉलिश करून घेण्यासाठी एक पाय टेकवून उभा होता. त्याच्या पायाशी वाकलेला पॉलिशवाला अर्धामुर्धा दिसतो. त्याचे हात चालत होते ना.

मुंबईत ही विद्या लवकर आली. 1854 साली इथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे लोक कॅमेऱ्यामागे उभे राहिले. त्यांनी आणि इतरांनी पाहिलेलं शहर रिकामं नव्हतं. 1864च्या शिरगणतीत मुंबईत 8,16,562 माणसं मोजली गेली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता, पैशामागून माणसं येत होती, आणि त्याच दशकात कोटाच्या भिंती पाडून हा सगळा भाग उघडा केला जात होता. फ्लोरा फाउंटन उभं राहिलं ते जुन्या चर्चगेटच्या जागी. गोविंद नारायण माडगांवकरांचं ‘मुंबईचें वर्णन’ 1863चं, म्हणजे याच धामधुमीतलं. ते वाचावं आणि लगेच त्या काळचे फोटो पाहावेत. पुस्तकात बाजार आहेत, गाड्याघोडे आहेत, नाना पेशांची आणि नाना बोलींची माणसं आहेत. फोटोत नीरव दगड आहेत. शहर एकच आहे.

माझ्या नकलेवर भिंग धरलं तर कारंज्याच्या डाव्या अंगाला एक धुरकट पट्टा दिसतो. प्रत पुसट झाली असेल असं मला आधी वाटायचं. तिथून कोणीतरी जात होतं. घोडागाडी असेल, डोक्यावर पाटी घेतलेली बाई असेल. सबंध फोटोत मला तो पट्टा आता सगळ्यात जास्त महत्त्वाचा वाटतो.

पुढे काचा वेगवान झाल्या, माणसं उमटू लागली. तरीही विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काही फोटोंत रस्ते मोकळेच दिसतात, आणि हा मोकळेपणा खरा आहे. तो कुठून आला ते मात्र फोटो सांगत नाही. 1896 साली मुंबईत प्लेग आला. 1898 साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि समुद्राचा वारा दाट वस्तीत शिरावा म्हणून घरांमधून रुंद रस्ते कापले गेले. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे त्यांतलेच, आजचे शामळदास गांधी मार्ग आणि सरदार वल्लभभाई पटेल मार्ग. उजेड न पोहोचणाऱ्या खोल्यांत माणसं मरत होती, तेव्हा हे काम अनावश्यक होतं असं मी म्हणणार नाही. पण त्या खोल्यांतून निघालेली पुष्कळ माणसं शेजारच्या गल्लीत आणखी दाटीने राहायला गेली. त्या रुंद, स्वच्छ रस्त्याच्या जागी कुणाचं तरी न्हाणीघर होतं, देव्हारा होता. आपण हळहळतो ती जागा नुकतीच रिकामी केलेली असते. अशा रस्त्यांची रंगीत पोस्टकार्डं निघाली. तेव्हाची कितीतरी कार्डं जर्मनीत छापून येत, आणि मुंबई कधी न पाहिलेल्या हातांनी त्यांवर रंग चढवलेले असत. माझ्याकडच्या एका कार्डावर भर दुपारच्या सावल्या आहेत आणि आकाश गुलाबी आहे.

कधी कधी सर्वांत मोठा बदल फोटोंच्या जोडीत दिसतच नाही. याच कारंज्याचे 1955च्या ऑक्टोबरातले आणि डिसेंबरातले फोटो शेजारी ठेवले, तर दगडाची एक कपचीही हललेली दिसणार नाही. मधे 21 नोव्हेंबर येऊन गेला. संयुक्त महाराष्ट्र मागायला आलेल्या माणसांवर इथे गोळ्या झाडल्या गेल्या. वडिलांचा हात धरून मी पहिल्यांदा इथून गेलो, तेव्हा ते बोलता बोलता गप्प झाले होते. शेतकरी आणि कामगाराच्या पुतळ्यांपाशी आल्यावर त्यांनी माझा हात जरा घट्ट धरला. कारण मला पुष्कळ वर्षांनी कळलं. आणि 2017 साली कारंज्याच्या दुरुस्तीसाठी भोवतालची जमीन उकरली, तेव्हा खाली ट्रामचे रूळ निघाले. 1874 साली घोड्यांनी ओढायला सुरुवात केलेली, 1907 साली विजेवर गेलेली ट्राम 31 मार्च 1964 रोजी थांबली होती. आपण इतकी वर्षं त्या रुळांवरूनच चालत होतो.

फोटो जुळवू लागल्यापासून मला आणखी एक अडचण कळली. समोरचं दृश्य बहुधा सापडतं, फोटो काढणारा उभा होता ती जागा सापडत नाही. राजाबाई टॉवर 1878 साली पुरा झाल्यावर त्याच्या माथ्यावरून शहराचे फोटो घेतले गेले. त्यांत ओव्हलपलीकडे रेल्वेचे रूळ आणि लगेच समुद्र आहे. मरीन ड्राइव्ह आणि आर्ट डेको इमारतींच्या रांगा अजून पाण्यात आहेत. पण तो टॉवर तिथेच असूनही सर्वसामान्य माणसाला वर जाऊन जोडीचा फोटो घेता येत नाही.

गिरगावात तर जागाच उरलेली नाही. माझ्याकडे मामाने काढलेला एक फोटो आहे, 1970च्या दशकातला, विसर्जनाच्या दिवशीचा. चाळीच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत कठड्यावर कोपर टेकून काढलेला. खाली जगन्नाथ शंकरशेट मार्ग माणसांनी फुलून गेलाय, गुलाल आहे, समोरच्या गॅलरीत बायका ओळीने वाकून पाहताहेत. पॅरिसच्या त्या ताटलीवर यांतलं कोणीच राहिलं नसतं. ती चाळ मेट्रोच्या कामात गेली. आता जमिनीखालून गाडी धावते, आणि माझ्या वयाला ती सोयीची आहे हेही मी मनापासून सांगतो. पण मामाचा फोटो पुन्हा काढायचा तर मला तीस-पस्तीस फूट उंच, हवेत उभं राहावं लागेल.

गेल्या महिन्यात तो फोटो हातात घेऊन मी तिथल्या फुटपाथवर उभा होतो. पिशवीत भाजी घेतलेले एक वयस्कर गृहस्थ थांबले.

“काय शोधताय?”

मी फोटो दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून तो डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ पाहिला. मग पिशवी खाली ठेवली.

“ही समोरची गॅलरी दिसतेय ना, ते आमचं बिऱ्हाड. दुसरा मजला, जिन्याला लागून. ही तिसरी उभी आहे ती आमची आई.”

आणि त्यांनी हात उचलून रस्त्यापलीकडे बोट दाखवलं. तिथे पत्र्याचं कुंपण होतं, त्यावर आकाश. हात तसाच ठेवून ते सांगत राहिले: इथे पाण्याचं पिंप, इथे तुळस, इथे आईची बसायची जागा. बोट एकेका जागी थांबत होतं आणि शेवटी जिथे आई उभी होती तिथे येऊन ठरलं. मी मोबाइल काढला, त्यांना विचारलं, त्यांनी मान हलवली. मागून टॅक्सी गेली, दोन मुली हसत गेल्या, सिग्नल दोनदा बदलला. ते बोलायचे थांबले होते, हात खाली आला नव्हता. दागेरच्या ताटलीवरही ते उमटले असते.