पोन्नाडै

गलाईच्या दुकानात पोलीस शिरला की आमचे हात भट्टीवरून आपोआप मागे येतात. खानापूर तालुक्यातून मद्रासला आलेल्या घरांना ही भीती वारशानंच मिळते. मुशीत गेलेल्या सोन्याला नाव-गाव उरत नाही, म्हणून चोरी कुठंही होवो, चौकशी जॉर्ज टाउनच्या आमच्या गल्लीपर्यंत येतेच.

सतरा वर्षांपूर्वी असेच एक एट्टय्या आले. इकडं हवालदाराला एट्टय्या म्हणतात. चोरीच्या एका साखळीपायी माझ्या धाकट्या भावाला नेलं, दिवसभर बसवून ठेवलं. पण आमच्या वहीतली लगड त्या साखळीपेक्षा दोन ग्रॅम जड होती. आटल्यावर सोनं घटतं, वाढत नाही. दुसरं सोनं मिसळलं असेल, असं बाकीचे पोलीस म्हणाले; एट्टय्या मात्र त्या दोन ग्रॅमसाठी पुन्हा सगळा बाजार फिरले. तिसऱ्या दिवशी साध्या शर्टात आले, चपला बाहेर काढल्या आणि आईला मोडक्या हिंदीत म्हणाले, "अम्मा, तुमचा मुलगा नाही. चूक माझी."

ते साठीला निवृत्त झाले. बाजारानं सत्कार ठरवला आणि शाल घालायचं माझ्याकडं आलं. तमिळमध्ये त्या शालीला पोन्नाडै म्हणतात, सोन्याचं वस्त्र. भाऊ म्हणाला, "दादा, पगार घेऊन काम केलं त्यांनी. सत्कार कशाला?"

रात्रभर तेच डोक्यात. कर्म करावं, फळाची आशा धरू नये, हे लहानपणापासून कीर्तनात ऐकलेलं. मग शाल घालून आपण त्या माणसाच्या निष्काम कामाला फळ चिकटवतो का? मला तसं वाटत नाही. आशा सोडायला गीतेनं करणाऱ्याला सांगितलंय. ज्याचं भलं झालं त्याला ऋण विसरायला सांगितलेलं नाही.

आमच्याच तालुक्यात बाणूरगडावर बहिर्जी नाईकांची समाधी आहे. १६६४ च्या सुरतेच्या लुटीआधी तिथली खबर काढणारे शिवाजी महाराजांचे हेर ते. त्यांच्या कामाची अटच अशी की ओळख झाली की काम संपलं. भर बाजारात त्यांच्या खांद्यावर शाल कोण घालणार? आम्ही गावी गेलो की समाधीवर फूल वाहतो, साडेतीनशे वर्षं उशिरा. इथं तंबू चेट्टी रस्त्यावरचं काळिकांबाळचं देऊळ सोनारांच्या विश्वकर्मा समाजाचं. ३ ऑक्टोबर १६७७ ला शिवाजी महाराज तिथं दर्शनाला आले, असं सांगतात. सत्काराच्या सकाळी मी शाल आधी देवीच्या पायाशी ठेवली.

भाऊ आला नाही. मी आग्रह केला नाही. त्या एका दिवसाची माफी द्यायची की नाही, हे त्याचं त्यानं ठरवायचं.

शाल घालताना एट्टय्यांनी हळूच विचारलं, "तंबी?" तंबी म्हणजे धाकटा भाऊ.

"भट्टीवर आहे."

भाषणं संपल्यावर त्यांनी शाल उतरवली, नीट घडी करून काखेत घेतली आणि माझ्याबरोबर चालत दुकानापर्यंत आले. दारात थांबून चपला काढल्या.