शंकेचा फायदा कोणाला?

नाशिकच्या द्वारका चौकातून पुणे रस्ता धरला की नाशिक रोड कॅम्प फार लांब नाही. तिथलं तोफखाना केंद्र म्हणजे नव्या भरतीची पोरं आणि त्यांची परेड, एवढं नाशिककरांना ठाऊक असतं. त्याच कॅम्पात तोफखाना अभिलेख कार्यालय आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. देशभरातल्या तोफखान्याच्या जवानांचं सेवेचं दप्तर इथे सांभाळलं जातं. त्यामुळे साताऱ्याच्या किंवा बिहारमधल्या एखाद्या गनरला अपंगत्व पेन्शन नाकारल्याचं पत्र मिळतं, तेव्हा त्यावरचा पत्ता आपल्या गावचा असतो.

पत्राचा मजकूर बहुतेक ठरलेला. आजार लष्करी सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे बळावलेलाही नाही. सुरुंगावर पाय पडला तर तारीख, जागा, साक्षीदार, सगळं असतं. मनाच्या आजाराला यातलं काहीच नसतं. फाइलीत कधी पीटीएसडी (आघातानंतरचा मनोविकार) लिहिलेलं असतं, पुष्कळदा डिप्रेशन नाहीतर स्किझोफ्रेनिया, आणि कारणांच्या जागी ‘प्रकृतिगत’ असा शेरा. म्हणजे खोट जवानाच्या मुळातच होती. पण हाच जवान कधीकाळी लष्कराच्या वैद्यकीय श्रेणीत ‘शेप-वन’ (SHAPE-1) म्हणून तंदुरुस्त ठरलेला असतो, आणि त्या शेपमधलं पहिलं अक्षर मानसिक स्थितीसाठीच आहे.

पत्र आल्यावर सहा महिन्यांत पहिलं अपील, तेही फेटाळलं तर दुसरं. ही अपिलं तपासणाऱ्या दोन्ही समित्या संरक्षण खात्याच्याच, आणि दोन्ही कागदावर निर्णय देतात. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण. २००७ च्या कायद्याने ते निर्माण झालं, २००९ मध्ये सुरू झालं, आणि महाराष्ट्र, गुजरात, गोव्याचे दावे त्याच्या मुंबई खंडपीठापुढे चालतात. खात्याबाहेरचा माणूस, म्हणजे न्यायाधीश, फाइल उघडतो ती इथे पहिल्यांदा.

खरं तर नियम जवानाच्या बाजूचे होते. अपंगत्व पेन्शनच्या १९८२ च्या नियमांनुसार पात्रता सिद्ध करण्याचा भार दावेदारावर नव्हता, वाजवी शंकेचा फायदा त्याला, आणि फील्डवरच्या सेवेत तो अधिक सढळ हाताने द्यायचा. लष्करी डॉक्टरांसाठी असलेली २००२ ची मार्गदर्शिका २००८ मध्ये सुधारली गेली आणि २०२३ पर्यंत लागू होती. तिचं मानसिक आजारांवरचं कलम कुणा जाणत्याने लिहिलेलं दिसतं. युद्धक्षेत्र, बंडखोरीविरोधी मोहीम, अतिउंचावरची किंवा अगदी एकाकी चौकी, भूकंपानंतर कुजलेल्या प्रेतांमध्ये करावं लागलेलं काम, अशा सेवेत आजार उद्भवला तर तो सेवेमुळेच झाला असं धरायचं होतं. आणखी एक तरतूद मला फार बोलकी वाटते. मूल किंवा बायको दगावली, एकुलत्या मुलाचे आई किंवा वडील गेले, आणि सेवेच्या निकडीमुळे रजा नाकारली गेली, तर त्यानंतर तीन महिन्यांत जडलेला मानसिक आजार सेवेमुळे बळावला असं मानायचं होतं. म्हणजे रजेचा अर्ज आणि त्यावरचा ‘नामंजूर’ हा शेरा, हाच इथे वैद्यकीय पुरावा. तो कागद जपून ठेवायचा असतो, हे मात्र विशीतल्या जवानाला कुणी सांगत नाही.

घोडं अडतं ते जवानाला तपासून शेरा देणाऱ्या लष्करी मेडिकल बोर्डापाशी. १९९३ मध्ये सॅपर मोहिंदर सिंगच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, रुग्णाला न तपासता पेन्शन मंजूर करणाऱ्या हिशेबखात्याला बोर्डाचं मत उलटवता येणार नाही. पण बोर्डच कारण न देता नकार देत असेल तर? २०१३ च्या धर्मवीर सिंग निकालाने त्याचं उत्तर दिलं. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असं धरायचं. नंतरचा आजार सेवेबाहेरचा आहे असं म्हणायचं असेल तर ते सरकारने सिद्ध करावं, आणि बोर्डाने कारणं लिहावीत. त्याच वर्षी वीरपाल सिंग या स्किझोफ्रेनियाच्या शेऱ्यावर घरी पाठवलेल्या जवानासाठी न्यायालयाने मानसोपचाराचे ग्रंथ उघडले, बोर्डाचं मत डोळे झाकून मान्य करता येणार नाही असं सांगितलं आणि फेरतपासणीचा आदेश दिला.

उलट वाऱ्याचा निकालही आहे. २०१९ मध्ये नरसिंग यादवच्या दाव्यात न्यायालय म्हणालं की, भरतीच्या नेहमीच्या तपासणीत मनोविकार सापडतोच असं नाही, त्यामुळे नोंद नाही एवढ्यावर पेन्शन देता येत नाही. हा मुद्दा वैद्यकशास्त्राला धरून आहे, तो मी नाकारत नाही. पण तपासणी तोकडी पडली तर तिची किंमत तपासणाऱ्याने मोजावी की तपासल्या गेलेल्याने? शंकेचा फायदा जवानाचा, असं म्हणायचं आणि शंका आली की तोच काढून घ्यायचा, हे मला पटत नाही. २०२५ मध्ये राजुमोन यांच्या निकालात न्यायालय पुन्हा कारणांवर आलं: कारण नसलेल्या मतावर पेन्शन नाकारता येणार नाही.

अमेरिकेने २०१० मध्ये पुराव्याच्या याच प्रश्नावर नियम बदलला. शत्रूच्या किंवा अतिरेक्यांच्या कारवाईची भीती हे पीटीएसडीचं मूळ असेल, सरकारी मानसोपचारतज्ज्ञाने तसा निर्वाळा दिला आणि सांगितलेला प्रसंग सेवेच्या परिस्थितीशी जुळत असेल, तर त्या प्रसंगाला सैनिकाचा स्वतःचा शब्द पुरतो. आपल्याकडे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१५ मध्ये नेमलेल्या तज्ज्ञ समितीने अपंग सैनिकांविरुद्धची सरकारी अपिलं आवरा असं स्पष्ट लिहून दिलं. तरीही खटले थांबले नाहीत.

उशिराचीही शिक्षा आहे. २००८ च्या तरसेम सिंग निकालानुसार थकबाकी दावा दाखल करण्याआधीच्या तीन वर्षांचीच मिळते. मन आजारी असलेल्या माणसाला कागद हाताळायला दहा वर्षं लागली, तर मधली सात बुडाली. म्हणून हे काम घरच्यांनी अंगावर घ्यावं. मेडिकल बोर्डाच्या कार्यवाहीची पूर्ण प्रत मागा. पोस्टिंगची यादी आणि रजेचे अर्ज शोधून ठेवा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, आणि सहा महिने उलटून गेले असले तरी अपील कराच.