मालकंसाचा ठेका

मालकंस हा मध्यरात्रीचा राग. तो अवेळी आळवू नये, त्याच्या स्वरांनी भुतेखेते ओढली जातात, असे जुनी माणसे सांगत. मुंबईचे वादक चरणजीत सिंग यांनी १९८२ साली तोच राग डिस्कोच्या तालावर बसवला. यंत्रांवर एकट्याने वाजवलेल्या दहा रागांची ती ध्वनिमुद्रिका. तेव्हा ती फारशी खपली नाही. २०१० साली परदेशात पुन्हा निघाली आणि वाखाणली गेली.

फैयाज खाँसाहेबांच्या या शहरात, नागरवाड्यात बसून आम्ही ती ऐकली. हा रागाचा अधिक्षेप नव्हे काय, असे प्रथम वाटले. मग पेटी आठवली. तिच्यातून मींड निघत नाही म्हणून नभोवाणीने १९४० साली तिच्यावर घातलेली बंदी १९७१ पर्यंत टिकली. आमचे भजन मात्र तिच्यावाचून कधी अडले नाही असे झाले नाही. सिंगांच्या रोलँड यंत्रात तर स्वरावरून स्वरावर घसरत जाण्याची सोय आहे! मग आक्षेप उरतो नाचण्याचा. स्मशानात नाचणाऱ्या शंकराच्या भक्तांनी तो कोणत्या तोंडाने घ्यावा?

तरीही काही खटकतेच. ठेका क्षणभरही थांबत नाही, त्यामुळे स्वराला एकटे उभे राहण्यास जागा मिळत नाही, आणि मालकंसाची ती भीती नाहीशी होते. ती गेल्याने रागाचे काही गेले की आमचेच, हे आम्हांस अद्याप ठरवता आलेले नाही.