टिचकी मारून घेतलेले मग

मडकं घेताना आपण टिचकी मारून बघतो. खणखणीत वाजलं तर घ्यायचं, बद्द वाजलं तर मुकाट्यानं खाली ठेवायचं. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, सफक परगण्यातल्या ऑल्डबरा गावात, एका गृहस्थांनी हार्डवेअरच्या दुकानात उभं राहून चहाचे मग असेच पारखले होते. फक्त टिचकीऐवजी लाकडी चमचा. हे गृहस्थ म्हणजे बेंजामिन ब्रिटन, विसाव्या शतकातल्या इंग्रजी संगीतातलं फार मोठं नाव. (आडनावाचा आणि देशाच्या नावाचा उच्चार एकच, हा आपला योगायोग.) 'पीटर ग्राइम्स' या त्यांच्या ऑपेरानं 1945 सालीच नाव काढलं होतं. आता त्यांना हवे होते पावसाचे पहिले टपोरे थेंब, आणि वाद्यवृंदातल्या कुठल्याही वाद्यातून ते मनासारखे पडत नव्हते.

युक्ती त्यांच्या संगीतातल्या सहकारी इमोजेन होल्स्ट यांची. युद्धकाळात खेड्यातल्या महिला मंडळाच्या बायकांना त्यांनी कपांवर चमचे वाजवून तालवाद्याचं काम भागवायला शिकवलं होतं. ब्रिटन यांची अडचण ऐकल्यावर त्यांनी आधी आपल्या स्वयंपाकघरात कप वाजवून दाखवले आणि मग दुकान गाठलं. लहानमोठे, जाडपातळ मग कानाशी धरून दोरीवर ओवले गेले. जलतरंगात पाणी कमी-जास्त करून सूर मिळवतात. इथं पाणी नाहीच. जो तो मग आपापल्या आवाजात बोलणार. पाण्यावाचून पाऊस!

हे सगळं 'नोयज् फ्लड' या ऑपेरासाठी चाललं होतं. नोहा, त्याची नाव आणि महाप्रलय यांची ही गोष्ट, चेस्टर शहरातल्या जुन्या धर्मनाट्यातून घेतलेली. पहिला प्रयोग 18 जून 1958 रोजी ऑर्फर्डच्या चर्चमध्ये झाला. नाट्यगृह ब्रिटन यांना नकोच होतं. कसलेले कलाकार मोजके. प्राणी झालेली, गाणारी, वाजवणारी बाकी सगळी पोरं. व्हायोलिनच्या एका गटाला तर निव्वळ मोकळ्या तारा छेडायच्या होत्या. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. ज्याला तारेवर बोट धड ठेवता येत नाही त्यालाही खराखुरा वाटा, आणि तो काढून घेतला तर ऐकणाऱ्याला उणीव जाणवेल असा. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मागच्या रांगेत ज्यांना नुसतं ओठ हलवायला सांगितलेलं असतं, त्यांना विचारा याची किंमत. प्रेक्षकांचीही सुटका नाही. ऐन वादळात त्यांनीही उठून प्रार्थना गायची.

हाताशी असेल त्यातून भागवायची ही सवय ब्रिटन यांना सिनेमानं लावली असं माझं मत आहे. विशीत ते ब्रिटिश टपाल खात्याच्या चित्रपट विभागात नोकरीला होते. पैसा बेताचा, वादक मूठभर, काम कालपर्यंत हवं. 1936 चा 'नाइट मेल' हा माहितीपट तेव्हाचा. लंडनहून स्कॉटलंडकडे रात्रभर धावणारी टपालगाडी आणि चालत्या डब्यात पत्रं लावणारी माणसं. माणसं खात्यातलीच, पण डबा स्टुडिओत उभा केलेला. त्यामुळे गाडी चालू आहे असं दाखवायला बिचाऱ्यांना उभ्या उभ्या डुलावं लागलं. शेवटाकडे गाडी चढ चढू लागते आणि ऑडेन या कवीचे शब्द चाकांच्या ठेक्यात सुरू होतात. त्याखाली ब्रिटन यांचं संगीत. इंजिनाचा श्वास त्यांनी कशातून काढावा? सुतार लाकडावर घासतात त्या पॉलिश पेपरातून. तेव्हा वय बावीस. वेळेत लिहायला आणि थोडक्या वाद्यांत भागवायला याच कामानं शिकवलं, असं पुढं त्यांनी स्वतःच सांगितलं.

पॉलिश पेपर घासणारा तो मुलगा आणि मग वाजवत उभे असलेले चव्वेचाळिशीचे ब्रिटन यांच्यामध्ये बावीस वर्षं होती, मोठे ऑपेरा होते, कीर्ती होती. हात मात्र अजून जवळच्या वस्तूकडंच जात होता. जवळच्याच युवक मंडळातली मुलं हातघंटा वाजवताना त्यांच्या कानावर पडली, तर त्या घंटाही त्यांनी नाटकात घेतल्या. इंद्रधनुष्य उगवतं ते त्या घंटांवर.

त्याआधीचं वादळ मात्र मला पुनःपुन्हा ऐकावंसं वाटतं. मगांवर एक थेंब, मग दुसरा. मग वारा, लाटा, विजा, सगळा कल्लोळ. ओसरताना सगळं उलट क्रमानं परत जातं आणि शेवटी पुन्हा मगच ऐकू येतात. टप्. टप्.

हल्ली सकाळी ओट्यापाशी कप विसळताना एकाला दुसरा लागला की मी नळ बंद करून ऐकतो. आमच्या सहा कपांतल्या एकाचा कान तुटला आहे, त्यामुळे तो दोरीवर काही ओवता येणार नाही. आवाज मात्र त्याचाच सगळ्यात बरा आहे.